'सूत्रांच्या माहितीनुसार' म्हणजे नेमकं कोण बोलतंय? गुप्तचर यंत्रणा, चॅनेलवाले आणि युद्धाचे निर्णय

भायखळा_फास्ट

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच विषय. २६/११ ला चॅनेलवाल्यांनी सगळं लाइव्ह दाखवून घात केला, म्हणून युद्ध-बिद्ध सुरू झालं की यांना सरळ टाळं ठोका. तिथे लिहून उपयोग नव्हता, सेक्रेटरींनी लगेच पाण्याच्या टाकीची नोटीस टाकून विषय गाडला असता, म्हणून इथे.

मी पूर्वी एका मराठी पेपरात डेस्कवर होतो, रात्रपाळी. त्यामुळे माझा राग जरा वेगळ्या ठिकाणी आहे. लाइव्ह कॅमेऱ्याचा प्रश्न निदान कागदावर तरी सुटलाय. २०१५ मधे केबल टीव्हीचे नियम बदलले, दहशतवाद्यांविरुद्ध कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण बंद, नेमलेला अधिकारी अधूनमधून जे सांगेल तेवढंच दाखवायचं. ठीक आहे, मान्य.

न सुटलेला प्रश्न उलट बाजूचा आहे. गुप्तचर खात्याकडची माहिती सरकारला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढी, बिननावाने पत्रकाराच्या कानात पडते आणि सकाळी 'उच्चपदस्थ सूत्रांच्या माहितीनुसार' म्हणून पहिल्या पानावर येते. ती खरी का खोटी हे वाचक तपासू शकत नाही, विरोधी पक्ष तपासू शकत नाही आणि खरं सांगायचं तर ज्याच्या नावाने बातमी छापून येते तोही तपासू शकत नाही. त्याला फक्त 'एक्सक्लुझिव्ह' मिळालेलं असतं.

याचं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण म्हणजे इराक. ८ सप्टेंबर २००२ ला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली की सद्दाम खास प्रकारच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवायच्या मागे आहे, अणुबॉम्बसाठी. माहिती अर्थातच सरकारी सूत्रांची. आणि त्याच दिवशी सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर बसून सांगतायत, बघा, आजच्या टाइम्समधे आलंय! म्हणजे आपल्याच घरातून माहिती बाहेर सोडायची आणि मग पेपरात आलंय म्हणून तिलाच पुरावा म्हणायचं. पुढे ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत उभे राहिले, जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळांबद्दल बोलले. त्यातली मुख्य माहिती 'कर्व्हबॉल' या टोपणनावाच्या एका इराकी माणसाची, तो जर्मनांच्या ताब्यात आणि अमेरिकनांना त्याला नीट समोरासमोर बसून विचारताही आलेलं नव्हतं. मार्चमधे युद्ध सुरू. अस्त्रांचे साठे काही सापडले नाहीत. टाइम्सने मे २००४ मधे आपलं वार्तांकन कुठे कमी पडलं ते छापलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता दुसरीकडे आपलं कारगिल बघा. पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ बीजिंगमधे, त्यांचे लेफ्टनंट जनरल अझीज रावळपिंडीत, दोघांचं फोनवरचं बोलणं रॉने पकडलं, मे १९९९ च्या शेवटी. पाकिस्तान तेव्हा म्हणत होता की वर डोंगरात बसलेत ते मुजाहिदीन, आमचा काय संबंध. ११ जूनला आपले परराष्ट्रमंत्री जसवंतसिंगांनी पत्रकार परिषद घेऊन ते संभाषणच जगापुढे ठेवलं, दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सरताज अझीज दिल्लीत येणार होते. आवाज ऐका, मजकूर वाचा आणि काय ते ठरवा. इथे सूत्र वगैरे भानगड नाही, मंत्री स्वतः समोर बसलाय.

तर माझं म्हणणं, गुप्त माहिती जाहीर करायला ना नाही. जाहीर करायचीच असेल तर पुरावा ठेवा आणि खाली नाव लावा. ते जमत नसेल तर पत्रकाराने ती छापू नये, निदान पहिल्या पानावर तरी नको. बोला.

---

पार्ल्याचा_पक्का

डेस्कवर बसून हे म्हणणं सोप्पं आहे साहेब. ती कारगिलची टेप जाहीर केल्यावर पुढे काय झालं? समोरच्याला कळलं की कुठली लाइन ऐकली जातेय. झाली ती लाइन बंद. त्यावरून आपल्याच गुप्तचर खात्यातल्या जुन्या लोकांमधे वाद झालेत की एवढा चांगला सोर्स एका पत्रकार परिषदेसाठी घालवावा का. पुरावा टेबलावर ठेवा म्हणजे काय, कुठल्या घरातला कुठला माणूस आपल्याला माहिती देतो हे पण सांगायचं का? माणूस मरतो तिकडे.

---

भायखळा_फास्ट

@पार्ल्याचा_पक्का, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि नेमका म्हणूनच मला ते उदाहरण आवडतं. सरकारने तिथे किंमत मोजली. सोर्स जाईल हे माहीत असून ठरवलं की आत्ता जगाला पटवणं जास्त महत्त्वाचं आहे. आधी गुपचूप नवाझ शरीफांपर्यंत टेप पोचवून बघितली होती, मग जाहीर केली. जो निर्णय घेताना काहीतरी गमवावं लागतं त्याच्यावर माझा विश्वास जास्त बसतो. बिननावाच्या बातमीत गमवायला कोणाचं काहीच नसतं, खोटी निघाली तर सूत्र हवेत विरून जातं.

---

गिरगाव_ट्राम

पोरांनो, २६/११ ला मी इथेच होतो. चौपाटीवर कसाबला पकडला तिथून माझं घर चालत फार तर दहा मिनिटं. तीन दिवस टीव्ही बंद केला नाही कोणी. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून कमांडो उतरताना सगळ्या देशाने पाह्यले, आम्ही टाळ्या वाजवल्या. तेच चित्र कराचीत बसलेली माणसं पण बघत होती हे डोक्यात कोणाच्या आलं?

एक गोष्ट आता बऱ्याच जणांना आठवत नाही. २८ तारखेला मुंबईत केबलवरची न्यूज चॅनेल्स अचानक बंद झाली. पोलिसांनीच केबलवाल्यांना सांगितलं होतं. लोक एवढे घाबरले की अजून कुठे हल्ला झाला, काय लपवतायत, फोनवर फोन. थोड्या वेळाने आदेश मागे घेतला. तेव्हा टाळं ठोका म्हणणाऱ्यांनी हेपण लक्षात घ्या, माहिती बंद केली की त्या जागी अफवा येते आणि ती चॅनेलपेक्षा जोरात पळते.

---

वडापाव_विश्लेषक

काका १०० टक्के. तेव्हा तर व्हॉट्सॲप पण नव्हतं. आता केबल बंद केली तर आमच्या फॅमिली ग्रुपवरचे मामा एकटे तिसरं महायुद्ध करतील.

---

वकील_दादर_पश्चिम

थोडी कायद्याची बाजू. कसाबच्या अपिलाचा सुप्रीम कोर्टाचा निकाल २९ ऑगस्ट २०१२ चा. त्यात थेट प्रक्षेपणावर वेगळी चर्चा आहे आणि ती सगळ्यांनी एकदा वाचावी. आरोपपत्रात ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधल्या दहशतवाद्यांचं पलीकडच्या हँडलर्सशी झालेलं बोलणं जोडलेलं होतं. त्यातून स्पष्ट दिसतं की पलीकडची माणसं टीव्ही बघून सूचना देतायत, तुमच्या हॉटेलात मंत्री आहेत वगैरे. कोर्टाचं म्हणणं सावध आहे, या प्रक्षेपणामुळे प्रत्यक्ष कोणी जवान जखमी झाला किंवा गेला का हे ठरवता येत नाही, पण सुरक्षा दलांचं काम त्यामुळे अवघड आणि धोक्याचं झालं यात शंका नाही. म्हणजे जे सिद्ध होतं तेवढंच लिहिलं. आपल्याकडे ग्रुपवर फिरतं ते याच्या पाचपट असतं.

आणि ते संभाषण कोर्टापुढे आलं कुठून? आपल्या यंत्रणांनी ते फोन चालू असतानाच ऐकले म्हणून. पलीकडे ते आपला टीव्ही बघतायत, इकडे आपण त्यांचा फोन ऐकतोय.

---

नेव्हीनगर_नेहा

वकीलसाहेब, त्याच निकालात दोन प्रेस फोटोग्राफरचं कौतुक आहे ते पण सांगा ना. सीएसएमटीला, तेव्हा सीएसटी, सेबॅस्टियन डिसोझा आणि श्रीराम वेर्णेकर जीव मुठीत धरून फोटो काढत होते. कसाबचा तो बंदूक घेतलेला फोटो कोर्टात पुरावा म्हणून उभा राहिला. म्हणजे एकाच रात्री, एकाच शहरात, एकाच धंद्यातल्या लोकांमुळे तपासाला मदतपण झाली आणि कारवाईला त्रासपण. फरक काय होता? फोटो नंतर छापला गेला आणि काढणारा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राह्यला, उलटतपासणी झाली त्याची. भायखळा_फास्ट म्हणतायत ते नाव लावणं म्हणजे हेच की.

आम्ही कुलाब्यात राहतो, बधवार पार्कच्या त्या कोळीवाड्यात बोट लागली तिथल्या लोकांनी त्या पोरांना हटकलं होतं. ते सगळे इंटेलिजन्सच होते एका अर्थी, पण ती माहिती घेणारं कोणी नव्हतं. यावर कुठलं चॅनेल तासभर बोललं?

---

पार्ल्याचा_पक्का

नेहाताई तुम्ही मुद्द्याला हात घातलात. गुप्तचर यंत्रणांचं अपयश म्हणतात तेव्हा लोकांना वाटतं माहितीच नव्हती. समुद्रातून हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेल्स टार्गेट आहेत असे इशारे आधी आलेले होते, अमेरिकेकडूनपण आले होते. ताजची सुरक्षा वाढवली आणि मग परत कमी केली. हल्लेखोरांसाठी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली तर मुंबईत येऊन-जाऊन ठिकाणांचे व्हिडिओ काढत होता, ताडदेवला ऑफिस थाटलं होतं आणि हाच माणूस पूर्वी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या. २०१४ च्या डिसेंबरमधे अमेरिकन पत्रकारांनी स्नोडेनने (अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेचे कागद फोडणारा तोच) बाहेर काढलेल्या कागदांच्या आधारे लिहिलं की ब्रिटिशांची यंत्रणा हल्ल्याचं प्लॅनिंग करणाऱ्यांपैकी एकाच्या कॉम्प्युटरवर लक्ष ठेवून होती, तुकडे तीन देशांकडे होते, जोडले कोणी नाहीत.

---

भायखळा_फास्ट

आणि हे आपल्याला कळलं कोणामुळे? पत्रकारांमुळेच. फुटलेल्या गुप्त कागदांमुळे. पक्का साहेब, तुमच्या बाजूने बोलताबोलता माझं उदाहरण दिलंत तुम्ही :)

---

पार्ल्याचा_पक्का

उदाहरण दिलं म्हणून स्नोडेनने केलं ते बरोबर होत नाही. एक चांगली बातमी निघाली त्यात, त्याबरोबर काय काय उघडं पडलं त्याचा हिशोब कोण देणार.

---

कांजूर_कोडर

मला वाटतं तुम्ही सगळे जुन्या जगात भांडताय. आता पुरावा ठेवायला सरकारची गरज कुठे आहे. १७ जुलै २०१४ ला युक्रेनवर मलेशियाचं विमान एमएच१७ पाडलं, २९८ माणसं गेली. बेलिंगकॅट म्हणून काही लोकांनी नुसते सोशल मीडियावरचे फोटो, व्हिडिओ, रस्त्यावरच्या पाट्या, सावल्यांचे कोन असलं बघून दाखवलं की ते 'बुक' नावाच्या क्षेपणास्त्राचं वाहन रशियाच्या कुर्स्कच्या ५३ व्या ब्रिगेडकडून आलं. २०१८ मधे अधिकृत तपास पथक त्याच निष्कर्षाला आलं. आणि कोणीही घरी बसून ते परत तपासू शकतं, कोणा साहेबावर विश्वास ठेवायची गरजच नाही.

पण याचीच दुसरी बाजू मे २०२५ मधे पाह्यली. ऑपरेशन सिंदूरनंतर ८-९ मेच्या रात्री मी जागाच होतो, काय काय चाललं होतं चॅनेलवर! कराची बंदर उद्ध्वस्त वगैरे. सगळं कोणीतरी फॉरवर्ड केलेलं, व्हिडिओ गेममधल्या क्लिपा सुद्धा युद्धाच्या म्हणून फिरल्या, पीआयबीला, म्हणजे सरकारच्या माहिती कार्यालयाला, बसून खोडाव्या लागल्या. मी ज्या क्लिपचा उगम पाच मिनिटात शोधला ती एवढा मोठा स्टुडिओ घेऊन बसलेल्यांना का सापडत नाही? सापडते हो. शोधायचीच नसते.

---

वडापाव_विश्लेषक

तेव्हा तर सरकारला पत्रक काढून सांगावं लागलं की बाबांनो स्टुडिओत सायरन वाजवू नका, लोकांना खरा सायरन कळेनासा होईल. आमची आजी ७ तारखेच्या मॉक ड्रिलनंतर टीव्हीवर सायरन लागला की बॅटरी शोधायची.

बाय द वे गुप्ततेचं म्हणाल तर मार्च २०२५ मधे अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यापासून सगळे येमेनवरच्या हल्ल्याचं प्लॅनिंग सिग्नल या चॅट ॲपच्या ग्रुपवर करत होते आणि त्यात ॲटलांटिक मासिकाच्या संपादकाला चुकून ॲड केलेलं. म्हणजे सोर्स बिर्स ठेवायची गरजच नाही, सोर्सच तुम्हाला ग्रुपमधे घेतो.

---

मास्तर_डोंबिवली

मी राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

भायखळा_फास्ट यांचं 'पुरावा ठेवा' हे तत्त्व १९६२ चं आहे. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं आहेत हे यू-२ विमानाच्या फोटोंवरून अमेरिकेला ऑक्टोबरच्या मध्याला कळलं. न्यूयॉर्क टाइम्सला वास लागला होता, अध्यक्ष केनेडींनी विनंती करून बातमी थांबवून घेतली. आणि २५ ऑक्टोबरला त्यांचे राजदूत स्टीव्हन्सन यांनी तेच फोटो सुरक्षा परिषदेत स्टँडवर लावून सोव्हिएत प्रतिनिधीला गप्प केलं. म्हणजे बातमी काही दिवस थांबली, मग पुरावा सगळ्यांसमोर आला. पॉवेलसाहेबांच्या २००३ च्या भाषणाच्या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तोच प्रसंग होता, म्हणून तर चित्रं, ध्वनिफिती सगळं दाखवलं. पण स्टीव्हन्सनकडे क्षेपणास्त्रांचे फोटो होते आणि पॉवेलकडे त्या फिरत्या प्रयोगशाळांची हाताने काढलेली चित्रं होती! कोणीतरी सांगितलं त्यावरून काढलेली. तेव्हा नुसतं टेबलावर ठेवलं म्हणजे पुरावा झाला असं नाही, आणि पॉवेलने तर नावही लावलं होतं, स्वतःचंच. याचं काय करणार?

आणखी एक. याच केनेडींच्या वेळी दीड वर्ष आधी, एप्रिल १९६१ मधे, बे ऑफ पिग्जच्या, म्हणजे अमेरिकेच्या पाठिंब्याने क्यूबावर झालेल्या, हल्ल्याची बातमी टाइम्सने सौम्य करून छापली होती. हल्ला सपशेल फसला. नंतर केनेडी स्वतःच म्हणाले म्हणे की तुम्ही सगळं छापलं असतं तर आम्ही एका मोठ्या घोडचुकीतून वाचलो असतो. एकदा बातमी दाबली त्याने देश वाचला, एकदा दाबली त्याने देश खड्ड्यात गेला, आणि दाबताना दोन्ही वेळा कारण एकच, राष्ट्रीय सुरक्षा.

---

भायखळा_फास्ट

मास्तर, पॉवेलचा मुद्दा कडक आहे. नाव लावूनही चुकलं, कबूल. पण त्याचं नाव होतं म्हणून त्याला जन्मभर त्या भाषणाबद्दल विचारलं गेलं आणि तो माझ्यावरचा डाग आहे असं त्यालाही म्हणावं लागलं. नळ्यांच्या बातमीतल्या अधिकाऱ्यांना कोण विचारायला गेलं? आणि त्याच काळात नाइट-रिडर नावाच्या वृत्तपत्र समूहाचे दोन पत्रकार, लँडे आणि स्ट्रोबेल, सतत लिहीत होते की या दाव्यांत दम नाही. त्यांची सूत्रंपण बिननावाचीच होती, फक्त ती मंत्र्यांच्या केबिनमधली नव्हती, खालच्या पायरीवर बसून प्रत्यक्ष कागद बघणारी माणसं होती. म्हणून मी सरसकट सूत्रं बंद करा म्हणत नाहीये. वरून येणारी बिननावाची माहिती आणि खालून येणारी, यात फरक करा. खालचा माणूस नोकरी पणाला लावून बोलतो. वरच्याला नाव लपवायचं कारणच काय, त्याला उद्या पत्रकार परिषद घेता येते.

---

पार्ल्याचा_पक्का

बरं मग युक्रेनचं काय? २०२२ च्या सुरुवातीला अमेरिका रोज उठून सांगत होती रशिया हल्ला करणार, आणि सगळे हसत होते, इराकमधे पण हेच बोलला होतात म्हणून. झेलेन्स्कीसुद्धा म्हणत होता घबराट पसरवू नका. २४ फेब्रुवारीला झाला की हल्ला. विश्वास ठेवला असता तर बरं झालं असतं ना.

---

भायखळा_फास्ट

यातला एक किस्सा सांगतो. ३ फेब्रुवारी २०२२, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा प्रवक्ता सांगतो की रशिया एक बनावट व्हिडिओ तयार करतोय, प्रेतं बितं दाखवून, हल्ल्याला निमित्त म्हणून. एपी वृत्तसंस्थेचा मॅट ली विचारतो पुरावा कुठाय. प्रवक्ता म्हणतो मी जे सांगतोय ती गुप्त माहिती आम्ही खुली केलीये, तोच पुरावा. ली सोडायला तयार नाही, तुम्ही नुसतं बोलताय, दाखवत काहीच नाही. बराच वेळ जुंपली दोघांची. हल्ल्याचा अंदाज खरा ठरला, तो व्हिडिओ मात्र कधी समोर आला नाही. म्हणून लीने विचारलं ते चूक होतं का? २००२ मधे असे दहा ली हवे होते. आणि सगळे हसत होते म्हणताय ते का, तर २००३ मुळेच. एकदा पत घालवली की खरं बोलूनपण कोणी ऐकत नाही, त्याची फळं युक्रेनवाल्यांनी भोगली.

---

नेव्हीनगर_नेहा

पण आपल्याकडे असा ली उभा राहिला तर? पुढच्या ब्रीफिंगला आत सोडतील का त्याला?

---

वकील_दादर_पश्चिम

नेहाताई, पत्रकाराचं सोडा, खासदाराने तरी कुठे विचारायचं? आयबी आणि रॉ माहिती अधिकाराच्या कलम २४ मुळे जवळपास बाहेर आहेत, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा मुद्दा असेल तरच दार थोडं उघडतं. त्यांच्यावर देखरेख ठेवणारी संसदीय समिती नाही. २०११ मधे मनीष तिवारींनी खासगी विधेयक आणलं होतं, ते तिथेच राह्यलं. अमेरिकेत सत्तरच्या दशकात गुप्तचर यंत्रणांच्या गैरप्रकारांवर सिनेटच्या चर्च समितीने केलेल्या चौकशीनंतर दोन्ही सभागृहांच्या कायम समित्या आल्या, ब्रिटनमधे १९९४ पासून कायद्याने समिती आहे. त्या समित्या नसतील तर सगळा भार पत्रकारांवर पडतो आणि पत्रकाराला तर सूत्राच्या मर्जीवरच जगायचंय.

---

पार्ल्याचा_पक्का

खासदारांची समिती! बाहेर येऊन पहिला बाइट कोण देणार यावरून भांडतील. आणि ब्रिटनचं एवढं कौतुक नको. रशियाच्या ढवळाढवळीवरचा त्यांच्या समितीचा अहवाल ऑक्टोबर २०१९ मधे पंतप्रधानांकडे गेला, मधे निवडणूक उरकून घेतली आणि छापला जुलै २०२० मधे. तो पण जागोजागी फुल्या मारलेला.

---

मास्तर_डोंबिवली

आला ना पण. आपल्याकडे २६/११ नंतर राज्याने नेमलेली राम प्रधान समिती फक्त मुंबई पोलिसांनी काय केलं ते तपासू शकली, केंद्राच्या यंत्रणांना हात लावायचा अधिकारच तिला नव्हता. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समिती नेमली, तिचा बराचसा अहवाल छापला गेला, आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतपण आहे. २६/११ साठी केंद्राने तशी समिती नेमलीच नाही. फुल्या मारायला आधी अहवाल तर पाह्यजे.